थोरलीचा टाक

"खिळा," मेजर म्हणाले. अजून खुरपं जमिनीला लागलंही नव्हतं.

मी म्हटलं, खणा.

"अवो बाई, आवाजावरनं कळतंय. लोखंड खरखरतं. चांदीचा सूर बारीक आन् लांब येतो."

"तरी खणा."

मेजरांनी कानावरचे भोंगे मानेवर सरकवले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणलं. खिळाच निघाला, तोही वाकडा. त्यांनी तो माझ्या तळहातावर असा ठेवला की जणू बक्षीस देताहेत. मी तो पिशवीत टाकला आणि पुढं बोट दाखवलं. त्या पिशवीत तोवर सोड्याच्या बाटल्यांची टोपणं, मेंढीच्या गळ्यातली फुटकी घंटी, कुदळीचं तुटलेलं टोक आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या जमल्या होत्या. या पुड्या फार लबाड. यंत्राला त्या चांदीच वाटतात आणि दर वेळी मी धावत जायची.

आमच्या माण तालुक्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तिथं तो भाकऱ्या थापत का असेना. हे मेजर मात्र सुरुंग शोधणाऱ्या तुकडीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं यंत्र घेतलं, लांब दांडा आणि टोकाला ताटलीएवढी चकती, आणि पंचक्रोशीत कुणाची जोडवी कडब्यात पडली, कुणाची अंगठी मळणीत गेली की त्यांना बोलावणं जायचं. घ्यायचे फक्त एक नारळ. त्या दिवशी ते वाघजाईच्या माळावर आले होते ते माझ्या सवतीला शोधायला.

सवतीचा टाक म्हणजे काय, हे आता शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. पहिली बायको मेल्यावर माणूस दुसरी करतो, तेव्हा त्या दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली, वर एक कडी आणि कडीत काळा दोरा. रोज त्याला आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचं, जेवताना पहिला घास दाखवायचा. म्हणजे थोरली कोपत नाही. लग्नाच्या दिवशी माझ्या गळ्यात एकदम दोन गोष्टी पडल्या, मंगळसूत्र आणि सवत. नवरा एकटीचा नाही, हे इतक्या रोखठोकपणे सांगायची पद्धत ज्यानं काढली तो माणूस मोठा खट असला पाहिजे.

पहिल्यांदा मला तिची भीती वाटायची. मग राग यायला लागला. सकाळी चुलीपुढं बसून मी तिला बोलून घ्यायची: तू बरी सुटलीस, हे घोरतात किती ते मला सांगितलं नाहीस. एकदा पोरीला ताप चढला, उतरेना, तेव्हा मी टाक मुठीत धरून तिला म्हटलं, बघतेस काय नुसती, तुझीच पोर आहे, काहीतरी कर. तेव्हापासून आमचं जमलं. बाईशी भांडण झाल्याशिवाय बाईची ओळख होत नाही.

पोर म्हणजे वैजयंता. मी या घरात आले तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिनं मला कधी त्रास दिला नाही, आणि त्याचाच मला त्रास व्हायचा. वाढीन ते खायची, शिवीन ते घालायची, मावशी म्हणायची, पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. एकच हट्ट होता. वेणी घालायला सगळ्या पोरी आईकडं पाठ करून बसतात. ही माझ्याकडं तोंड करून बसायची. मी दोन्ही हात तिच्या मानेमागं नेऊन अंदाजानं पेड घालायची आणि ती माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बघत राहायची. वेणी नेहमी वाकडी व्हायची. तिची तक्रार नसायची. माझ्याकडं ती बघत नाही, आईकडं बघते, हे मला कळायचं आणि मी तिला कधी फिरून बस म्हटलं नाही.

त्या उन्हाळ्यात गाव पाण्यासाठी पेटलं होतं. रोज पहाटे सगळे वाघजाईच्या उतारावर पावसाचं पाणी अडवायचे चर खणायला जायचे. वैजूचं लग्न तोंडावर आलेलं, तरी मी एक दिवस चुकवला नाही. आणि एके सकाळी माळावरून येऊन आंघोळीला बसले, हात गळ्याशी गेला, तर नुसता दोरा हाताला लागला. मी न्हाणीत बसूनच रडले. मग ओल्या केसांनी माळावर गेले आणि सांज होईपर्यंत माती चिवडत राहिले.

घरात ही गोष्ट लपणारी नव्हतीच. यांनी आपलं नेहमीचं केलं, म्हणजे मान खाली घातली आणि मांडववाल्याकडं निघून गेले. बोलल्या त्या वन्सं. आमच्या वन्सं यांच्यापेक्षा थोरल्या, गावातच मोहित्यांच्या घरी बिजवराला दिलेल्या. त्यांनी माझ्या गळ्यातला दोरा दोन बोटांनी ओढून बघितला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "दोरा शाबूत, गाठ शाबूत, आन् टाक तेवढा गेला व्हय गं, शालन?"

दोरा खरंच शाबूत होता. वन्सं मग वैजूकडं वळल्या आणि म्हणाल्या, पोरगी सासरी निघाली, आता थोरलीचं या घरात काय काम उरलंय.

रात्रीची भांडी विसळताना वैजू माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात, जणू बाजाराची यादी सांगावी तसं, सांगितलं.

"मावशी, कन्यादानाला तुमी बसणार. टाक गळ्यात असला तर दोघीजणी मला देणार, असं मी धरून चालले हुते. नसला तर तुमी एकट्याच देणार. मग मी जाईन, पर परत यायची न्हाई. मला हितं माहेर न्हाई."

मी भांडं विसळत राहिले. सकाळी उठून मेजरांच्या गावची एसटी धरली.

हळदीच्या आदल्या दिवशी मेजर आले. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, बाई, कुठल्या चरात होता, नक्की सांगा. मी चर दाखवला. मग त्यांनी खुंट्या ठोकल्या, सुतळ्या बांधल्या आणि पट्टे पाडले. म्हणाले, सुरुंग शोधताना नशिबावर चालत नाही, पट्ट्यावर चालतं. मला माणूस आवडला.

वन्संही आल्या होत्या, साक्षीदार म्हणून. बाभळीच्या सावलीत छत्री उघडून बसल्या. सावलीत छत्री कशाला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. वैजू त्यांच्याजवळ बसली होती, हातात ओढणीचं टोक पिळत. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून आली की आईवर जीव होता म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ऊन डोक्यावर आलं. चराचा तळ झाला, वरची कड झाली. मेजर आता खालच्या अंगाला, मोहित्यांच्या रानाकडं सरकले होते. मी त्यांना म्हटलं, एवढ्या खाली मी गेले नव्हते. ते म्हणाले, पट्टा अर्धा सोडायचा नसतो. चकती एका करवंदीच्या जाळीपाशी फिरली आणि ते थांबले. पुन्हा फिरवली. भोंगे काढून माझ्या कानाला लावले. बारीक, लांब सूर.

त्यांनी मला लांब व्हायला सांगितलं आणि हातानंच माती उकरली. काळपट झालेली एक टिकली वर आली. त्यांनी थुंकी लावून अंगठ्यानं घासली, आणि पदर डाव्या खांद्यावर घेतलेली, नाकात नथ असलेली बाई दिसली.

वैजू धावत आली. वन्संही छत्री टाकून आल्या आणि त्यांनी टाक बघितला मात्र, चटकन म्हणाल्या, "हीच. हीच आमची वैनी. गावली बाई एकदाची. बांध गळ्यात, चल, घरी कामं पडल्यात."

वैजूनं हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या पाण्यातून तिनं माझ्याकडं बघितलं. गळ्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं. इतक्या वर्षांत तिनं असं बघितलेलं मला आठवत नाही.

"मावशी," ती म्हणाली, "गावली."

मेजरांनी टाक माझ्या तळहातावर ठेवला. माझा अंगठा सवयीनं तिच्या चेहऱ्यावरून फिरला आणि नथीला अडला.

आमच्या भागात टाक करणारा सोनार एकच, आणि त्याच्याकडं बाईचा ठसाही एकच. त्यामुळं पंचक्रोशीतल्या साऱ्या थोरल्या दिसायला जुळ्या बहिणी. पण माझ्या थोरलीला नथ राहिली नव्हती. नाकही राहिलं नव्हतं. रोज कुंकू लावायचं, रोज ते अंगठ्यानं पुसायचं, आणि भांडायचं असलं की पुन्हा तोच अंगठा तोंडावरून फिरायचा. तिचा चेहरा मी घासून गुळगुळीत करून ठेवला होता. वैजू आपली वेणी आपण घालायला लागली, तेव्हापासून तिनं तो जवळून बघितला नव्हता. ही बाई कोरी होती. नथीचा मोती न् मोती मोजून घ्यावा. कडेच्या खाचेत कुंकवाचा कण नव्हता. हिला कुणी कधी हात लावला नव्हता.

मला फक्त गप्प बसायचं होतं. दोरा गळ्यात होता, टाक हातात होता, पोर माझ्याकडं बघत होती आणि माझ्यावर आळ घेणारी बाईच ही हीच म्हणून सांगत होती. देवानं ताट वाढून पुढं ठेवावं आणि आपण हात धुवायला उठावं, असला प्रकार. पण परवा बोहल्यावर पोर वाकणार कुणापुढं? कुणाच्या तरी परक्या बाईपुढं, आई समजून. आणि माझी थोरली इथंच कुठंतरी मातीत पडून ते ऐकणार.

"ही आपली न्हवं," मी म्हणाले.

वन्सं तडकल्या. म्हणाल्या, डोळे फुटले का तुझे, तोच ठसा, तीच नथ. मी म्हटलं, नथीवरूनच सांगते. आणि मग मी टाक उलटा करून कडी बघितली. कडी तुटलेली नव्हती, कापलेली होती. अडकित्त्यानं सुपारी कातरावी तशी, दोन्ही टोकं सपाट. कुणीतरी हिला दोऱ्यातून कापून काढलं होतं आणि इथं भिरकावलं होतं.

गावात सवतीचा टाक असलेल्या बायका दोनच उरल्या होत्या. एक मी. दुसरीचा टाक म्हणे देव्हाऱ्यात होता. कुणी पाहिला नव्हता, पण तिला विचारणार कोण. मी वर बघितलं. वन्सं मोहित्यांच्या रानाकडं तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांची मान लाल झाली होती. दोरा शाबूत आणि टाक गेला म्हणजे बाईनं काय केलं असणार, हे त्यांना इतक्या खात्रीनं कसं माहीत होतं, ते मला तिथं उन्हात उभ्या उभ्या समजलं.

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. खोटं कशाला सांगू, आलं होतं, आणि चव गोड होती. पण वन्सं छत्रीशिवायच छत्री धरल्यासारखी मूठ आवळून उभ्या होत्या, आणि मला एकदम त्यांची कीव आली. मी टाक पदराच्या टोकाला बांधला.

वैजूनं विचारलं, "मग ही कुणाची?"

"जिची असंल तिला ठाऊक."

"तुमी व्हय म्हणला असता तर कुणाला कळलं असतं?"

"तुला नसतं कळलं," मी म्हणाले. "तिला कळलं असतं."

वैजूनं ओढणी कमरेला आवळली, मेजरांच्या हातातलं खुरपं घेतलं आणि त्यांना विचारलं, अजून कुठं बघायचं राहिलंय.

मेजर म्हणाले, खरं सांगायचं तर कुठंच नाही. सगळे पट्टे झाले. चरात नाही, कडेला नाही, वाटेवर नाही. त्यांनी सुतळ्या गुंडाळायला घेतल्या. मी त्यांच्या सुतळीवर पाय दिला.

मी म्हटलं, त्या दिवशी मी खणत नव्हते. पाट्या उचलून देत होते. चरातली माती पाटीत, पाटी छातीशी, आणि तिथून खालच्या बांधावर. मेजरांनी बांधाकडं बघितलं. म्हणाले, बांधावरून यंत्र फिरवलंय, पण त्याला वीतभर खोलच दिसतं, आणि बांध कमरेएवढा आहे.

"मग वीतवीत उतरवू," वैजू म्हणाली.

गावानं घाम गाळून घातलेला बांध. तो मोडताना मी वाघजाईला हात जोडून सांगितलं की आजच्या आज परत घालून देते, तोवर रागावू नकोस. वैजूनं फावडं घेतलं, मी पाटी घेतली. एक थर काढायचा, पसरायचा, मेजरांनी त्यावरून चकती फिरवायची, मग पुढचा थर. लग्नाची नवरी, दुसऱ्या दिवशी हळद लागायची, आणि तळहाताला फोड आलेले. मी म्हटलं, बस जरा. ती म्हणाली, तुमी बसा. कुणीच बसलं नाही.

थोड्या वेळानं माझ्या हातातली भरलेली पाटी कुणीतरी घेतली. वन्सं होत्या. त्यांनी काष्टा मारला होता. उन्हं कलेपर्यंत त्या पाट्या वाहत राहिल्या आणि एकदाही कंबर धरून उभ्या राहिल्या नाहीत, हे त्यांच्या वयाला आणि स्वभावाला धरून नव्हतं.

बांध गुडघ्याएवढा उरला तेव्हा मेजरांनी हात वर केला. आम्ही तिघी जागच्या जागी थांबलो. त्यांनी चकती एकदा इकडून नेली, एकदा तिकडून, आणि वैजूला म्हणाले, "खुरपं नको. बोटानं."

तिनं बोटांनी माती बाजूला केली. टाक निघाला. तिनं तो ओढणीनं पुसला, उन्हाकडं धरला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हिला नाकच न्हाई."

"माझ्यानं गेलं," मी म्हणाले. "घासून."

"रोज?"

"रोज."

तिनं टाक बोटांत फिरवला. वरची कडी दोऱ्यावर घासून घासून केसाएवढी झाली होती आणि तिथंच उघडली होती. दोन्ही टोकं सुईसारखी बारीक. दोरा शाबूत का राहिला, ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं. वैजूनं ती टोकं बोटाला टोचून बघितली. तिनं माफी मागितली नाही आणि मला नकोही होती. तिनं आपल्या अंगठ्यानं, मी फिरवते तसाच, आईच्या गुळगुळीत चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि मग मातीतच बसून मोठ्यानं रडली. मी तिच्याशेजारी बसले. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं ते एवढं जोरात की माझा खांदा दुसऱ्या दिवशी दुखत होता.

बांध आम्ही परत घातला. मेजरांनी नारळ घेतला आणि वर बांध धोपटायलाही मदत केली. उतरताना वैजू त्यांच्याबरोबर पुढं गेली. वन्सं मागं रेंगाळल्या.

"शालन," त्या म्हणाल्या, "माझी दे."

मी पदराची गाठ सोडली आणि टाक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडं न बघता मूठ मिटली.

"नवी हुते. भ्या वाटायचं गं तिचं. गळ्यात मेलेलं माणूस घिऊन निजायचं म्हंजी." थोडं चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तू काय म्हनून हाक मारतीस तुझीला? मी हिचं नाव सुदीक कवा घेतलं न्हाई."

"आधी शिव्या द्या, वन्सं," मी म्हणाले. "मी तशीच सुरुवात केली. मग जमतं."

त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी ते मनावर घेतलं असावं, कारण पुढं बरीच वर्षं मोहित्यांच्या घरातून पहाटे भांडल्याचा आवाज यायचा आणि घरात वन्संशिवाय कुणी उठलेलं नसायचं.

सोनारानं घाईनं नवी कडी बसवून दिली. नाक काढून देऊ का म्हणाला, मी नको म्हटलं. कन्यादानाला मी आणि थोरली बसलो. वैजूच्या हातावर पाणी सोडताना तिनं खालून माझा हात धरून ठेवला.

पाठवणीच्या वेळी ती जीपमध्ये बसली. बायका रडत होत्या, हे मांडवाच्या खांबाआड उभे होते. जीप सुरू झाली आणि वैजूनं खिडकीतून मान बाहेर काढून मला हाक मारली. मला वाटलं काहीतरी राहिलं.

"मावशी, पंचमीला मला न्यायला मुराळी येळंत धाडा. मागनं न्हाई, चार दिस आधी."

मी विचारलं, कुणाला धाडू, तुझ्या वडलांना?

"तुमी या."

"बाईमाणूस कधी मुराळी म्हणून गेलंय का गं?"

तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"दोघी या," ती म्हणाली.

त्या पंचमीला आम्ही दोघी गेलो.